एक वर्ष की दोन

आई गेली तेव्हा माझे पाच अर्ज परदेशी विद्यापीठांकडे जाऊन पडलेले होते. दिवाळीनंतर आम्ही दोघींनी बसून ते भरले होते. म्हणजे मी भरत होते आणि आई शेजारी तांदूळ निवडत शेरे मारत होती. मला अन्नतंत्रज्ञानात पुढचं शिक्षण घ्यायचं होतं. "जेवान शिकूक इतक्या लांब जातंस?" हा तिचा रोजचा प्रश्न. जर्मनीतल्या एका विद्यापीठाच्या वेबसाइटवर प्रयोगशाळेचा फोटो होता आणि त्यात कोबी आंबत घातलेल्या बरण्यांची रांग होती. आईनं चष्मा सारखा करून तो फोटो नीट पाहिला. "हयसर जा," ती म्हणाली. "ही माणसा कामाची दिसतत." अभ्यासक्रम, प्राध्यापक, क्रमवारी ह्यातलं काहीही न वाचता तिनं दोन मिनिटांत विद्यापीठ निवडून टाकलं आणि परत तांदळाकडे वळली.

जानेवारीत एका दुपारी चाळीच्या गॅलरीत कपडे वाळत घालताना ती खाली बसली आणि पुन्हा उठली नाही. तिला परळच्या ज्या इस्पितळात नेलं तिथंच बाबा एक्स-रे खात्यात टेक्निशियन होते. ते तळमजल्यावर धावत आले तेव्हा त्यांच्या हातात कुणाची तरी फिल्म तशीच होती. मला ती फिल्म आठवते. त्यांचा चेहरा आठवत नाही.

मला रडू आलं नाही. मी वाट पाहिली, पण आलं नाही. तेराव्याला मी तीस माणसांना वाढलं, कुणाला मीठ कमी पडलं, कुणाला पाणी हवं, सगळं बघितलं. शेजारच्या काकू माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "किती गं धीराची पोर!" धीर कसला? दाताच्या डॉक्टरकडून आल्यावर गाल आपला वाटत नाही ना, तसं मला सगळ्या अंगाचं झालं होतं. जेवत होते, झोपत होते, विचारलेल्याला उत्तरं देत होते.

मार्च-एप्रिलमध्ये उत्तरं आली. दोन नकार, एकाचा पत्ताच नाही आणि दोन होकार. आयर्लंडचा अभ्यासक्रम एक वर्षाचा होता, जर्मनीचा दोन वर्षांचा. पैशांचं गणित दोन्हीकडे उन्नीस-बीस होतं, म्हणजे तोही निकष गेला. दादरला एका साडीच्या दुकानावर परदेशी शिक्षणाच्या सल्लागारांचं ऑफिस होतं, तिथं गेले. तिथल्या मॅडम माझ्याएवढ्याच होत्या. "तुझं मन काय सांगतंय?" त्यांनी विचारलं. मन काही सांगत नव्हतं. मी तसं बोलून दाखवलं तर त्या हसल्या, त्यांना तो विनोद वाटला. घरी येऊन मी लॅपटॉपवर तक्ता केला. हवामान, भाषा, विषय, नोकरीची शक्यता, राहायची सोय. प्रत्येकाला दहापैकी गुण दिले. बेरीज दोघांचीही अडतीस झाली. दुसऱ्या कुणाला ह्याचा त्रास झाला असता. मी लॅपटॉप बंद केला आणि डाळ चढवली.

चाळीत सगळ्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांच्या मते आयर्लंड म्हणजे इंग्लंडच, फक्त लहान. समोरच्या ताई म्हणायच्या, जर्मन लोक हसत नाहीत, तुला ते बरंच पडेल. आणि सगळ्यांचं बोलणं शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबायचं: "पण बाबांचं काय गं?" बाबा तिथंच खुर्चीवर बसून पेपर वाचत असायचे. ते पान उलटायचे.

त्याच दिवसांत वर्षाचा मसाला करायची वेळ आली. आई दर वर्षी मिरच्या उन्हात वाळवून, भाजून लालबागच्या मसाला गल्लीत कुटायला न्यायची. तिचं प्रमाण कुठं लिहिलेलं नव्हतं. मी बरणीतल्या जुन्या मसाल्याचा वास घेत घेत अंदाजानं धणे, लवंगा, दगडफूल घेतलं आणि डबा घेऊन रांगेत उभी राहिले. त्या गल्लीत सगळे शिंकत असतात, सगळ्यांचे डोळे गळत असतात. माझेही गळले. ओळखीची एक बाई रांग सोडून आली आणि मला जवळ घेऊन म्हणाली, "रड बाळा, रडून घे." मी तिला सांगितलं नाही की ह्या मिरच्या आहेत. ती इतकी समाधानानं परत गेली.

आयर्लंडला शुक्रवारपर्यंत उत्तर हवं होतं. आधीच्या शनिवारी बाबांनी पेपर खाली ठेवला.

"देवाक विचारूया," ते म्हणाले.

आमच्याकडे हे नवं नव्हतं. बाबांचं लग्न, ही खोली, माझं सायन्स, सगळं गावच्या देवाला विचारून झालेलं. त्याला कौल लावणं म्हणतात. गुरव देवाच्या मूर्तीवर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि मग ज्या बाजूची पाकळी आधी पडेल तो देवाचा शब्द. एरवी उजवा म्हणजे हो, डावा म्हणजे नाही. दोन गोष्टींतली एक निवडायची असेल तर आधीच ठरवून सांगायचं. मी तोवर एकदाही समोर बसून पाहिलेलं नव्हतं. गावी गेले की मी विहिरीवर नाहीतर आंब्याखाली असायचे. कौल आईबाबा लावून यायचे आणि निकाल तेवढा मला कळायचा.

गावी जायला वेळ नव्हता. बाबांचे मोठे भाऊ, म्हणजे माझे काका, गावीच असतात. त्यांनी सोमवारी सकाळी देवळात जाऊन व्हिडिओ कॉल लावायचं कबूल केलं. उजवा दिला तर आयर्लंड, डावा दिला तर जर्मनी, असं ठरलं. मला चालत होतं. खरं तर हायसं वाटलं. कुणीतरी एकदाचं सांगून टाकावं आणि मी तिकडे जावं, एवढंच मला हवं होतं.

सोमवारी बाबांनी आंघोळ करून धुतलेला शर्ट घातला. मी फोन धरून खाटेवर बसले, ते माझ्या मागे हात जोडून उभे राहिले. पडद्यावर आधी काकांचा अंगठा दिसला, मग देवळाचं छत, मग मूर्ती. काळा पाषाण, त्यावर दोन्हीकडे तांबड्या पाकळ्या. गुरवाचं गाऱ्हाणं सुरू झालं. "मुंबैत असलेला तुझा ह्या लेकरू, शिकूक परदेशी जाता हा, तेका योग्य वाट दाखव म्हाराजा!" तिकडून चार-पाच आवाज आले, "व्हय म्हाराजा!" माझ्या मागून बाबाही पुटपुटले. मग बराच वेळ काही झालं नाही. गुरवानं पुन्हा विनवलं. आणि पडद्याच्या उजव्या बाजूची एक पाकळी घसरली आणि पडली. तेवढ्यात चित्र अडकलं, आवाज तुटला, फोन बंद झाला.

"कुठलो गो?" बाबांनी मागून विचारलं.

"उजवा," मी म्हटलं.

मी वळून पाहिलं तर चष्मा लावून ते काळ्या पडद्याकडे बघत होते. मग म्हणाले, "बरा झाला." लगेच काकांचा परत फोन आला. बाबा तो घेऊन गॅलरीत गेले. ते फक्त हूं हूं करत होते, ते मला आत ऐकू येत होतं. आत आले ते स्वयंपाकाच्या ओट्याशी जाऊन पाणी प्याले.

"काय म्हणत होते काका?"

"प्रसाद पाठवता म्हणालो. तू भरून टाक ता. मगे जेवया."

मी आयर्लंडचा होकार भरला. जर्मनीला नकार कळवताना त्यांनी कारण विचारलं होतं, खाली सहा पर्याय दिले होते. मी 'इतर' निवडलं. कोबीच्या बरण्यांचा तो फोटो त्याच पानावर वर होता. मी तो पाहिला आणि खिडकी बंद केली.

आयर्लंडबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. हवा ओली होती, माणसं गोड बोलायची. मी दुधाच्या भुकटीवर प्रबंध लिहिला. दुधाच्या भुकटीशी माझं काही वैर नाही, पण प्रेमही नव्हतं. एकदा वर्गातल्या एकीनं विचारलं की तू हेच विद्यापीठ का निवडलंस, तर मी म्हटलं, एका पाकळीमुळे. तिनं ते मोठ्या कौतुकानं सगळ्यांना सांगितलं. दर रविवारी मी बाबांना व्हिडिओ कॉल करायचे. ते जेवायला बसलेले असायचे आणि ताटात वरण-भात, नाहीतर उसळ. बाबांचं मासळीवाचून पान हलायचं नाही. आईच्या तेराव्यानंतरही शेजारचे मासे आणून द्यायचे, ते खायचे. "बांगडे नाही आणलेत?" मी विचारायचे. "खयचे बांगडे," म्हणून ते विषय बदलायचे. आईसाठी सोडलं असावं, असं मी धरून चालले. एक वर्ष संपलं आणि मी परत आले.

आल्यावर आठवड्याभरात काका डोळे तपासायला परळला आले आणि आमच्याकडे उतरले. मी चहा दिला. कपात बिस्कीट बुडवत त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"सुट्टीवर इलंस? अजून वर्षभराचा रवला मां तुजा?"

"नाही काका, संपलं. एकच वर्षाचं होतं."

"एक कसा? जर्मनीचा दोन वर्षांचा मां? कौल डावो झाल्लो."

"उजवा झाला होता. मी पाहिला ना, फोनवर."

काकांनी कप खाली ठेवला. लहान मुलाला समजवावं तसे ते माझ्याकडे तोंड करून ताठ बसले आणि स्वतःच्या छातीवर डावीकडे हात ठेवला. तो हात मला माझ्या उजव्या बाजूला दिसत होता. "देवाचो उजवो-डावो बघतत गो, आपलो न्हय. देव आपल्याकडे तोंड करून उभो आसता. तेवाच फोनवर तुज्या बापाशीक सांगलंय मी, डावो म्हणान."

बाबा ओट्याशी पाठमोरे उभे होते. त्यांनी भांडं घासणं थांबवलं नाही.

पस्तीस वर्षं ह्या माणसानं एक्स-रे काढले. मी दुसरीत असताना त्यांनी मला फिल्म उजेडात धरून शिकवलं होतं की आपल्या डाव्या हाताला दिसतो तो पेशंटचा उजवा. काकांचा फोन यायच्या आधीच, पाकळी पडली त्याच क्षणी त्यांना कळलं होतं. कळायला तर मलाही हवं होतं. पण तेव्हा मी बघत कुठं होते? माझ्यासमोर काहीही पडलं असतं तरी मला तेवढंच दिसलं असतं.

काका तपासणीला गेले. मी दार लोटलं आणि मला राग आला. दीड वर्षात पहिल्यांदा काहीतरी आत आलं आणि तो राग होता. मला धापच लागली.

"आईनं ते निवडलं होतं, बाबा. ती सांगून गेली होती. देवानंही तेच सांगितलं. आणि तुम्ही मला म्हणालात भरून टाक!"

बाबांनी नळ बंद केला. हात पुसायला त्यांना बराच वेळ लागला.

"एक वर्ष माका जमला असता," ते म्हणाले. "दोन जमूची नाय होती. तू उजवो म्हणालंस आणि माका वाटला, आता गप रवलंय तर पोर वर्षात घराक येतली."

"मग तसं सांगायचं ना! मी नसते का..."

"तुका कसा सांगू? तू काय बोलतच नाय होतंस तेवा. मी ऱ्हव म्हणालो असतंय तर ऱ्हवली असतंस. जा म्हणालो असतंय तर गेली असतंस."

हे खरं होतं, म्हणून मला आणखी राग आला. मी काहीतरी आपटायला शोधत होते आणि हाताशी फक्त काकांचा कप होता. तो मी मोरीत नेऊन ठेवला.

"देवाशी खोटा केलंय," ते माझ्या पाठीमागून म्हणाले. "त्याच दिवशी गॅलरीत उभो ऱ्हवान सांगलंय तेका. खोटेपणा माजो, पोरीचो न्हय. ती परत येयसर मासो खावचंय नाय."

"मी येऊन आठवडा झाला."

"तुका सांगल्याबिगर तोंडात कसो घालू?"

मी पिशवी घेतली आणि खाली उतरले. बाजारात कोळीण म्हणाली, एवढ्या उशिरा काय मिळणार, चारच बांगडे राहिलेत. मी चारही घेतले. घरी येऊन ते साफ केले, दीड वर्षापूर्वी अंदाजानं कुटून आणलेला मसाला लावला आणि तव्यावर टाकले. बाबा ताट घेऊन गुपचूप येऊन बसले. पहिला घास घेऊन ते थांबले.

"आईच्या मसाल्यासारखो नाय झालो," ते म्हणाले.

"माहीत आहे," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. तव्यावरचा बांगडा उलटायचा होता, तो बाबांनी उठून उलटला.