उपनदीवाला सायब

"प्रवाहाला अडथळा नको," असं म्हणायचा आणि स्वतःचे बूट भिजू नयेत म्हणून आमच्याच बांधावर उभा राहायचा. तुमच्याही गावात असा एखादा सायब येऊन गेला असेल. नसेल तर सुखी आहात.

आमच्या डिचोलीकडच्या गावातला व्हाळ, म्हणजे ओढा, खाली नदीला मिळतो. दिवाळी झाली की अख्खा वाडा मिळून त्यावर माती-पेंढ्याचा बांध घालायचा, राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला, पाण्यात नारळ द्यायचा आणि त्या पाण्यावर वायंगण, म्हणजे उन्हाळी भात, काढायचा. पावसाच्या तोंडावर बांध आम्हीच फोडायचो. पुढे वर डोंगरावर खाण आली आणि तिची तांबडी माती व्हाळात उतरू लागली. तेवढ्यात सरकारने उपनद्या राखायचा कायदा केला. आम्हाला वाटलं, सुटलो! आम्हीच त्या खात्याच्या सायबाला बोलावणं धाडलं.

आता आमची अक्कल बघा. पाहणीच्या दिवशी व्हाळ भरलेला दिसावा म्हणून बांध हातभर जास्तच उंच घातला. पाणी काठोकाठ! सायबाने नाकाला रुमाल लावला.

"हे कोणी अडवलं?"

"आम्ही!" सगळे छाती काढून म्हणाले.

"कायद्याने गुन्हा आहे. आणि हा नारळ? पाण्यात घाण टाकता?"

"सायबा, वर खाणीची माती बघा की!" मी ओरडलो.

"ती डोंगरावर आहे. मी उपनदी बघायला आलोय."

मेल्याने उभं राहून बांध फोडून घेतला. काठावर 'संरक्षित उपनदी' असा हिरवा फलक लावला. शेतं वाळली. पावसात खाणीची माती खाली आली आणि व्हाळच बुजला. वायंगण कायमचं संपलं. तसा माणूस प्रामाणिक, कुणाचा चहासुद्धा घेत नसे. म्हणून तर जास्त राग यायचा. मी तोंडावर शिव्या घातल्या, तरी त्याचं आपलं तेच, "प्रवाहाला अडथळा नको." आजही आठवलं की टाळकं सटकतं.

बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला दारात आला. हातात रिकामी पिशवी.

"तुमच्याकडचे वायंगणाचे उकडे तांदूळ फार चांगले असतात म्हणे. थोडे विकत न्यायचे होते."

मी उठलोच होतो, पण आईने हात धरून खाली बसवलं. ती आत गेली, सुपातून रेशनचे पांढरे तांदूळ आणले आणि त्याच्या पिशवीत ओतले. तो पिशवीत बघत राहिला.

"घेवा सायबा," आई म्हणाली, "आता आमीय हेच खातंव."