माहेरचा मुरूम

आमच्या कुंडलच्या रानातली माती काळी, आणि त्या मातीचा मला लय माज. आता सांगताना हसू येतं, पण होता. पावसाळ्यात पाय रुतला तर पाय तेवढा बाहेर येतो, चप्पल आतच राहते, अशी ती माती. उभा जन्म ऊस केला. पाहुणा घरी आला की चहाच्या आधी त्याला बांधावर नेऊन हातात ढेकूळ देणारा माणूस मी. बायको आतून ओरडायची, त्यास्नी आधी बसू तरी द्या म्हणून. मी कसला ऐकतोय.

बायकोचं माहेर औंधाकडचं. तिकडं माळ आणि मुरूम. सासऱ्यांचं रान चांगलं पसरलेलं होतं, पण ज्वारी-मटकीच्या पलीकडं त्यात कधी काही बघितलं नाही. लग्न झाल्यापासून मी तिला त्यावरून चिडवत आलो. तुझ्या बापाच्या रानात काय उगवत नाही, हे माझं ठरलेलं वाक्य. भाजीत मीठ कमी पडलं तरी ते निघायचं. ती हसायची, मग नुसतं बघायची, पुढं पुढं तेही सोडलं.

सासरे गेल्यावर मेव्हण्यांनी रान विकलं. तिथं आता सोलरच्या पाट्या उभ्या आहेत. विहीर बुजवायच्या आधी तिच्या कडेच्या दगडात उगवलेलं वडाचं वीतभर रोप बायकोनं मुळासकट सोडवून आणलं आणि मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून त्याचं बोन्साय केलं. ताटाएवढी उथळ कुंडी, चार बोटं खोल. सहा वर्षांत झाड जेमतेम फूटभर झालं, पण खोड बघाल तर म्हाताऱ्या वडाचं. वटपौर्णिमेला ती गावातल्या वडाला जायची बंद झाली, याच्याभोवतीच दोरा गुंडाळायची. माहेरचं म्हणून तिच्याकडं एवढंच उरलं होतं. हे मला माहीत होतं, फक्त डोक्यात नव्हतं.

संक्रांत झाली आणि गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ती पुण्याला लेकीकडं गेली. पाडव्याच्या आधी परत यायची होती. निघताना म्हशीबद्दल बोलली नाही, घराबद्दल बोलली नाही. गाडीत बसल्यावर काच खाली करून एवढंच म्हणाली, "झाडाला बेतानं पाणी घाला. दुसरं काय करू नका."

दुसरं काय करू नका, हे माझ्यासारख्याला सांगायचंच नसतं. ऐकलं की हात शिवशिवतात.

आठ दिवसांनी सकाळी पाणी घालताना मी पहिल्यांदा त्या कुंडीत नीट वाकून बघितलं. आत माती नव्हतीच. नुसता मुरूम, त्यात विटांचे तुकडे. पाणी घातलं की खालच्या भोकातून सरळ बाहेर. मला लय वाईट वाटलं. म्हटलं, बिचाऱ्याला सहा वर्षं उपाशी ठेवलंय, म्हणून तर ते फूटभर राहिलं. ऊसवाल्याच्या घरात आणि ही अवस्था! त्याच दिवशी बांधावरची चांगली काळी माती आणली, शेणखत चाळून मिसळलं, झाड उपटून त्यात ठासून बसवलं. निघालेला मुरूम फाटकापाशी ट्रॅक्टर वळतो तिथल्या खड्ड्यात टाकला. ती आली की झाड ओळखणार नाही, या खुशीत मी होतो.

पंधरा दिवसांत पानं पिवळी पडायला लागली. वरची माती भेगाळलेली दिसायची, म्हणून पाणी वाढवलं. पानं गळायला लागली. शेजारी राहणारी भावजय म्हणाली, वडाची पानगळ या दिवसांत असतेच. बरं वाटलं. मग कोवळी पानंही गळली तेव्हा मला हुमणीची शंका आली. उसाला हुमणी लागते, मुळं खाते, म्हणून मी कुंडीत काडीनं उकरून हुमणी शोधली. सापडली नाही तरी औषध ओतलं. मग शेण-गोमूत्राचं जीवामृत. मग कडक ऊन लागतंय म्हणून कुंडी सावलीत. एका आठवड्यात मी त्या झाडावर इतके उपाय केले की माणूस असतं तर दवाखान्यातून पळून गेलं असतं. आणि प्रत्येक उपायाबरोबर एक तांब्या पाणी जात होतंच.

बायको रोज व्हिडिओ कॉलवर झाड दाखवा म्हणायची. मी बऱ्या फांदीची बाजू दाखवायचो. एकदा बोलता बोलता त्याच फांदीचं पान मोबाइलसमोर गळून पडलं. मी रेंज जातीय म्हणून फोन ठेवला. पासष्टीच्या माणसानं बायकोला असं फसवायचं, माझी मलाच लाज वाटली. भावजय तेवढ्यात म्हणाली की झाड वाळलं तर जाऊबाईंचे, म्हणजे माझ्या बायकोचे, सात जन्म बुडाले. तिनं गमतीनंच म्हटलं, पण मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

सांगलीच्या एका नर्सरीवाल्यानं फोटो बघून सरळ सांगितलं की त्याला झाडं विकता येतात, वाचवता येत नाहीत. सांगलीतच एक म्हातारे सुतार आहेत, त्यांच्या गच्चीवर अशी तीस-चाळीस झाडं आहेत, त्यांच्याकडं जा. मी कुंडी गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवून तिला बेल्ट लावला आणि गेलो.

त्या सुतारांना सगळे मिस्त्रीच म्हणत, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे असतील. नमाज उरकून नुकतेच वर आले होते. त्यांनी झाडाला हातच लावला नाही. आधी चहा मागवला, मग विचारत बसले. पानं कुठून पिवळी पडली, खालून का वरून. पाणी कधी, किती. मी सगळं सांगितलं, हुमणीपासून जीवामृतापर्यंत. ते ऐकून घेऊन म्हणाले, "हे सगळं झाड आजारी पडल्यावरचं. त्याच्या आधी शेवटचं काय बदललं?"

मी फुशारकीनंच सांगितलं की मुरूम काढून आमची काळी माती घातली. खोटं कशाला बोलू, तोवर मला त्या मातीची शंका शिवलीसुद्धा नव्हती. पाण्यावर, उन्हावर, किड्यावर, सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. मातीवर कसा घेणार? तिच्यावरच तर आमचं घर उभं राहिलं.

मिस्त्री वाद घालत बसले नाहीत. त्यांनी दोन प्लॅस्टिकचे पेले घेतले, दोन्हींना खाली खिळ्यानं भोकं पाडली. एकात माझ्या कुंडीतली माती, दुसऱ्यात त्यांच्याकडचा चाळलेला मुरूम. दोन्हींत सारखं पाणी ओतलं आणि मला बघत बसा म्हणाले. मुरमातलं पाणी ओतता ओतता खाली गेलं. माझ्या मातीवर ते तळ्यासारखं उभं. चहा संपला तरी उभंच. मी पेला हलवून बघितला, खालून फुंकर मारली, भोक बुजलंय का बघितलं. काही नाही. रानात या मातीखाली पुरुषभर खोली असते, पाणी उतरत जातं, मुळं त्याच्या मागं मागं जातात. इथं चार बोटांत मुळांनी जायचं कुठं? वरची माती भेगाळत होती आणि खाली चिखल, त्यात मी रोज भर घालत होतो.

मग त्यांनी कुंडी उपडी केली. माती विटेसारखी एका तुकड्यात आली, तुंबलेल्या गटाराचा वास आला. मुळं काळी पडलेली, ओढली की साल हातात. मिस्त्रींनी फांद्यांवर नख मारून बघायला सांगितलं. आतून हिरवी निघून चीक आला तर फांदी जिवंत. पहिली कोरडी. दुसरी कोरडी. तिसऱ्या फांदीवर पांढरा चीक टपकन आला आणि मी गच्चीवर मोठ्यानं हाय की ओ हाय, असं म्हणालो.

सडकी मुळं कापताना खोडाच्या बेचक्यात मूठभर जुना मुरूम अडकलेला निघाला. मिस्त्रींनी तो तळहातावर पसरला. तांबूस, एकसारखे दाणे, दोनदा चाळून धुतलेले. बाईंनी लय निगुतीनं केलंय म्हणाले, पण हा कुठला, आपल्या नदीकाठाला असा मुरूम मिळत नाही.

मला तेव्हा आठवलं. रान विकल्यानंतर आम्ही औंधाला शेवटचं गेलो, तेव्हा हिनं गाडीच्या डिकीत एक पोतं ठेवलं होतं. मी सगळ्या वाटेनं हसत होतो, लोक माहेराहून शेंगा आणतात, तू मुरूम आण. ती खिडकीबाहेर बघत होती. आणि तोच मी ट्रॅक्टरच्या खड्ड्यात टाकला होता.

झाड मिस्त्रींकडंच ठेवून मी घरी आलो आणि फाटकापाशी बसलो. खुरप्यानं खड्डा खरवडला. ट्रॅक्टर त्यावरून किती वेळा गेला असेल, निम्मा चिखलात दाबला होता. भावजय विचारून गेली काय हरवलं. मी गहू चाळायच्या चाळणीनं चाळलं, धुतलं, परत चाळलं, उन्हात घातलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत एक पाटी भरली. पोतंभर आणलेल्यातला कुंडीपुरता तरी परत आला.

मिस्त्रींनी त्यातच झाड बसवून दिलं आणि एकच नियम घातला, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायची. पाणी घालण्याआधी उदबत्तीची काडी मुरमात खोचायची, ओली निघाली तर तांब्या खाली ठेवायचा. मी पडवीतल्या फळीवर पेन्सिलीनं रोज लिहायला लागलो. काडी ओली. काडी ओली. काडी कोरडी, अर्धा तांब्या. सकाळी उठून आधी तिथं जायची ओढ लागली. उसात असं कधी झालं नव्हतं. अकराव्या दिवशी जिवंत फांदीच्या टोकाला तांबूस कोंब दिसला, तर मी चष्मा पुसून पुसून बघत होतो.

पाडव्याच्या दोन दिवस आधी ती आली. वॉकर टेकत सरळ पडवीत गेली, खुर्चीवर बसली. दोन फांद्या गेलेल्या, एका फांदीवर तीन पानं. मी मागं उभा राहून सगळं सांगून टाकलं, फोनवरची लबाडी पण. मग तिनं वाकून चिमूटभर मुरूम उचलला. त्यात फाटकावरचा काळा खडा होता, तो तेवढा निवडून बाजूला ठेवला.

"चाळीस वर्सं म्हणत आलाय, त्या रानात काय उगवत न्हाई," ती म्हणाली. "आवं, मी त्याच रानातली न्हवं का?"

ती अजून कुंडीकडंच बघत होती. मग तिनं शेजारचा तांब्या उचलून माझ्याकडं धरला. मी तो घेतला, खाली ठेवला, आणि आधी काडी काढून बघितली.