बरोबर प्रोग्रामला शून्य

मंडळी, डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहितेय.

आज आमच्या कॉलेजात न्यूमरिकल मेथड्सची प्रॅक्टिकल परीक्षा होती. शेवगावच्या माझ्या विद्यार्थिनीने, ऋतुजाने, कॉम्प्युटरवर एका ओळीत अनॉनिमस फंक्शन, म्हणजे बिननावाचं छोटं सूत्र, लिहून a हा आकडा असलेलं समीकरण अचूक सोडवलं.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी a ची किंमत बदलली आणि तेच फंक्शन परत चालवलं. उत्तर तेच आलं.

"उत्तर आधीच टाइप करून ठेवलंय हिने!"

"न्हाई सर," ऋतुजा म्हणाली, "फंक्शन बनलं तवाची किंमत त्यानं धरून ठेवलीय. ती ओळ परत चालवा, मग उत्तर बदलंल."

"मला शिकवू नकोस."

मी म्हटलं, "सर, एकदा चालवून तर बघा." त्यांनी तिचा कॉम्प्युटरच बंद करायला लावला आणि शून्य टाकलं. आता पोरीचा विषय राहणार!

अहो, ती बरोबरच सांगत होती! आमच्या सॉफ्टवेअरमध्ये अनॉनिमस फंक्शन बनताना मिळालेली किंमत धरून बसतं, मग बाहेर काहीही बदलो. पण त्याला नव्याने बनवायला एक ओळ पुरते.

या सरांना नव्याने बनवायला काय लागेल, सांगता का कुणी?