प्रिंटर ओरत्तनाडूचा, दृष्ट तंजावूरची

आमच्या खत कंपनीत किस्से मुद्दाम जमवावे लागत नसत. सकाळी कॉम्प्युटर चालू केला की दुपारच्या कॉफीपर्यंत एखादा तयार! मी तिथला कॉम्प्युटर डिपार्टमेंट. म्हणजे डिपार्टमेंटमध्ये मी एकटाच.

व्यवस्था अशी होती. तंजावूरच्या हेड ऑफिसात एक मोठा सर्व्हर. शाखांत नुसते पडदे आणि कीबोर्ड. टेलिफोनच्या तारेवरून सगळे त्या सर्व्हरवरच काम करायचे. शाखेतला प्रिंटर चालवायलासुद्धा त्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला समजेल असं बोलणारा प्रोग्राम, सर्व्हरवर लागायचा. जुन्या खडखड्या प्रिंटरांचा तिथे होता. बिलं निघत होती. मी सुखात होतो.

*

मग देशात आयात खुली झाली आणि आमच्या मालकांचं मनही खुलं झालं! चेन्नईहून त्यांनी ओरत्तनाडू शाखेसाठी एक परदेशी प्रिंटर आणला.

"सर्व्हरला याचा ड्रायव्हर चालेल का, ते बघायला हवं होतं, सार," मी म्हणालो.

"सगळ्यात महागडा घेतलाय," मालक म्हणाले. "न चालायला काय झालं?"

सोबत आलेला ड्रायव्हर मी सर्व्हरवर चढवला. ओरत्तनाडूने पहिली प्रिंट दिली आणि सर्व्हर झोपला. त्याच्याबरोबर सगळ्या शाखा झोपल्या. पडदे निळेशार! मालक केबिनमधून बाहेर आले, निरखून पाहिलं आणि म्हणाले, "रंग छान आहे. बिल कुठाय?"

*

ओरत्तनाडूचे मॅनेजर सुंदरराव. आम्हा तंजावुरी मराठ्यांत कुणीही कुणाचा तरी मामा लागतोच, तसे ते माझे सुंदरमामा. तो नवा ड्रायव्हर काढून मी सर्व्हर उठवला, पण मामांची बिलं आता हेड ऑफिसच्या प्रिंटरवर निघू लागली. एक दिवस ओरत्तनाडूचं गिऱ्हाईक बसने तंजावूरला येऊन माझ्यासमोर उभं! मामांनीच पाठवलेलं.

मी फोन केला. "मामा, हे काय?"

"अय्यो, बिल निघतंय ना रे? थोडं लांब निघतंय, एवढंच!"

*

प्रिंटरच्या कंपनीतल्या चेन्नईच्या साहेबाने फोनवर सल्ला दिला: प्रिंटर काढा आणि पुन्हा घाला. म्हणजे पडद्यावरच्या यादीतून. मी तो मामांना शब्दशः कळवला. थोड्या वेळाने त्यांचा फोन आला.

"काढला. पुन्हा ठेवला. या खेपेस पूर्वेला तोंड करून!"

*

शेवटी मालक चिडले. "आयुधपूजेला ओरत्तनाडूत एजंटांसमोर पहिलं बिल निघालं पाहिजे. नाहीतर डिपार्टमेंट बंद. तू गोदामात."

गोदामात म्हणजे युरियाच्या गोण्यांत! माझी झोप उडाली. खूप खटपट केल्यावर एक युक्ती लागू पडली. परदेशी प्रिंटरला सर्व्हरवर जुन्याच खडखड्या प्रिंटरचा ड्रायव्हर लावला. प्रिंटरसाहेब निमूट छापू लागले.

पूजेच्या दिवशी, म्हणजे खंडेनवमीला, ओरत्तनाडूत प्रिंटरला गंध, कुंकू, झेंडूची माळ. बिल निघालं. एजंटांनी टाळ्या वाजवल्या. मी आरतीला उठलो तेवढ्यात मालकांना पडद्यावर त्या जुन्या प्रिंटरचं नाव दिसलं. आमच्याकडे पूजेआधी जुनंपानं साफ करतात. मालकांनी तेही साफ केलं. स्वतःच्या हाताने डिलीट!

पुढचं बिल निघेना. कुजबूज सुरू झाली. मालक कडाडले, "त्या जुन्या डब्याची दृष्ट लागली! फोडायला कोहळा आणा!"

खरं कारण सांगायचं तर एजंटांसमोर मालकांकडे बोट दाखवावं लागलं असतं. तेवढी हिंमत माझ्यात नव्हती, आणि त्याचा राग मला अजून येतो. बाजारातून कोहळा येईपर्यंत मी गुपचूप ड्रायव्हर परत चढवला. मालकांनी कोहळा माझ्याच हातात दिला. मी तो रस्त्यावर आपटला, आत आलो, बिल निघालं!

मालकांनी समाधानाने माझ्याकडे पाहिलं. "मग डिपार्टमेंट कशाला हवं? दर अमावास्येला एक कोहळा पुरे."

*

मी गोदामात गेलो. खताच्या वासाची सवय होत होती तोच एका अमावास्येला मामांचा फोन आला.

"रघू, अस्की बिलं अडकलीत रे, एकूण एक! गिऱ्हाइकं दारात, मालक डोक्यावर बसलेत."

"कोहळा फोडला का?" मी विचारलं.

"दोन फोडले."

"मग?"

मामांनी फोनवर हात ठेवून कुणाशी तरी बोलून घेतलं. मग म्हणाले, "मालकांनी गाडी पाठवलीय. तिसरा तू येऊन फोड. तुझ्या हाताला गुण आहे म्हणतात!"