मी जेवायचे क्राकोवला, पोट भरायचं बाबांचं

आधीच सांगून टाकते, असले अनुभव मी आजवर फक्त हसायला वाचायचे. पांढऱ्या साडीतली बाई, पिंपळाखालचा माणूस वगैरे. मी फूड टेक्नॉलॉजीची विद्यार्थिनी. चव म्हणजे जीभ, नाक आणि मेंदू, बाकी सगळ्या गप्पा, असं मानणारी. अजूनही तसंच मानते... फक्त गेल्या वर्षी आमच्या घरात जे झालं ते या तिघांत कुठे बसवायचं, ते मला कळत नाही. शाळा हिंदीत झाली, मराठी घरापुरती, तेव्हा लिहिण्यात चुका दिसल्या तर सांभाळून घ्या.

आमचं घर रायपूरला बूढापाऱ्यात आहे, तळ्याकडून आत येणाऱ्या गल्लीत. आजोबा वऱ्हाडातून रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. बाबाही रेल्वेत, डबे दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होते, आता रिटायर झालेत. मी एकुलती एक. बाबांना एकच शौक, खाण्याचा. रविवारी सकाळी मला स्कूटरवर पुढे उभं करून निघायचे. कुठे तांदळाच्या पिठाचा वाफवलेला गरम फरा, कुठे धिरड्यासारखा चीला, परत येताना गोलबाजारातून आईसाठी जिलेबी. खाताना डोळे मिटायचे. 'बोलू नको वैशू, आधी चाखून पाय,' म्हणायचे. मी जे शिकले ते का शिकले, याचं उत्तर बहुतेक तिथेच आहे.

एम.एस.साठी मला स्कॉलरशिप मिळाली ती पोलंडमधल्या क्राकोव शहरात. बाबांनी नकाशात ते शोधलं आणि बराच वेळ त्यावर बोट ठेवून बसले.

सुरुवातीचे दिवस मी हॉस्टेलच्या खोलीत खिचडी करून खात आणि रडत काढले. मग माझी रूममेट माग्दा एक दिवस म्हणाली, इतक्या लांब येऊन खोलीत बसायचं असेल तर तुझी मर्जी, मी चालले. आणि मी तिच्याबरोबर निघाले.

ते शहर काय सांगू! मधोमध एवढा मोठा चौक की आमचा अख्खा गोलबाजार त्यात मावेल. कडेला लाल विटांचं चर्च, त्याला दोन मनोरे आणि दोघांची उंची वेगवेगळी. दर तासाला उंच मनोऱ्याची खिडकी उघडते आणि एक माणूस कर्णा वाजवतो. चारही दिशांना. पण सूर पूर्ण करत नाही, मध्येच तोडतो. माग्दाने त्याची गोष्ट सांगितली. फार पूर्वी शत्रू आला तेव्हा पहारेकरी कर्णा वाजवून शहराला उठवत होता, आणि त्याच्या गळ्यात बाण लागला. जिथे सूर तुटला तिथेच आजही तोडतात.

त्या दिवशी आम्ही एका तळघरातल्या जुन्या खाणावळीत जेवलो. आंबवलेल्या राईच्या पिठाचं सूप होतं. ही राई म्हणजे मोहरी नव्हे, तिकडचं एक धान्य. सूप दाटसर, आंबट, त्यात उकडलेलं अंडं आणि सॉसेजचे तुकडे. पहिल्याच चमच्याला मी डोळे मिटले. खरं सांगते, घर सोडल्यापासून पहिल्यांदा त्या तासाभरात मला घराची आठवण आली नाही. एकदाही नाही.

परत येऊन व्हिडिओ कॉल केला. माझी दुपार म्हणजे रायपूरची संध्याकाळ. आई वैतागलेली. "पाय बरं तुझ्या बाबाले. भरल्या वांग्याची भाजी केली, तर म्हंते पोट भरलं हाय. चहाशिवाय काही खाल्लं नाही दुपारपासून!"

बाबा फोनसमोर आले. जरा ओशाळलेले वाटले.

"वैशू, एक इचारू? आज तू आंबील खाल्ली का वो?"

"यहाँ कहाँ आंबील मिलेगी बाबा?"

"आंबीलच. पण ज्वारीची नाही. अन् त्यात अंडं होतं."

मी हसले. आंबलेला ढेकर आला असेल, गॅस झाला असेल, असं काहीतरी बोलले. सूपचा फोटो मी घरी पाठवला नव्हता, सॉसेज डुकराचं होतं म्हणून. फोन ठेवल्यावर मात्र जरा चमत्कारिक वाटलं... मग विसरले. खरंच विसरले. कारण त्यानंतर मी फिरतच सुटले. क्लास संपला की कधी माग्दाबरोबर, कधी एकटी. नदीकाठचा टेकडीवरचा किल्ला. निळ्या हातगाड्यांवर मिळणारी, खसखस लावलेली पावाची कडी. करंज्यांसारखे पिरोगी, उकडलेले, वर परतलेला कांदा. मेंढीच्या दुधाचं धुरावलेलं चीज, विस्तवावर शेकून आंबटगोड मुरंब्याबरोबर. जुन्या ज्यू वस्तीतल्या चौकात एक गोल इमारत आहे, तिच्या खिडक्यांतून लांबलचक पावावर मशरूम आणि चीज घालून भाजून देतात. ते उभ्याने खायचं, बोटं भाजत. असं वाटायचं की आयुष्य आत्ता सुरू झालंय.

आणि प्रत्येक फोनवर आईचं तेच. हे जेवून नाही राहिले.

एकदा म्हणाली, "दिवसभर दात कोरून राहिले. म्हंते खसखस अडकली. घरात खसखस हाय कुठं, तूच सांग!" दुसऱ्यांदा सांगितलं की बाबांच्या सगळ्या पँट गोलबाजारातल्या शिंप्याकडे नेऊन कमरेत आत घेतल्या. चौबे कॉलनीत एका डॉक्टरांना दाखवलं. रक्त, सोनोग्राफी, एंडोस्कोपी, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, मुलगी लांब गेली, मनाला लागलं असेल.

ते माझ्या मनाला लागलं. पण अजूनही मी दोन आणि दोन जोडले नव्हते.

मग एका फोनवर आई स्वयंपाकघरात होती आणि बाबा पलंगावर बसून काहीतरी गुणगुणत होते. मी ओळखलं. कर्ण्याची ती धून. आणि बाबा बरोबर त्याच सुरावर थांबले.

"पुढचं काहून नाही वाजवत तो?" त्यांनी विचारलं.

"बाबा, ये आपने यूट्यूब पे सुना ना?"

"मले कुठं येते ते यूट्यूब. तुमच्या तिथं वाजते ना, वरून. खिडकीतून."

मी आईला फोन घेऊन बाजूला जायला लावलं आणि विचारलं. ती म्हणाली, फोन माझ्याजवळच असते, यांना तर फोन उचलता येते, बस.

आता मला खरी भीती वाटली. पण मी सायन्सवाली ना! खात्री करून घ्यायची होती. घरी कुणालाही न सांगता मी एका दुकानात गेले आणि खारवलेली हेरिंग मासळी मागवली, कच्चीच असते, वर कांदा आणि तेल. बाबा मासे खातात, पण कच्ची मासळी म्हटलं की त्यांना शिसारी येते. मला स्वतःला ती आवडली. आवडली हेच वाईट झालं. खाताना बाबा, परीक्षा, सगळं विसरले, पूर्ण प्लेट संपवली, बोटं चाटली आणि मग आठवण येऊन फोन लावला.

आईने उचलला. आवाज घाबरलेला. "तुझे बाबा उलट्या करून राहिले वो! बसल्या बसल्या उठले अन् मोरीत धावले. म्हंते कच्ची मासळी तोंडात आली..."

त्यांना लिंबूपाणी दे, एवढं सांगून मी फोन ठेवला.

म्हणजे मी खायचे आणि पोट त्यांचं भरायचं. आणि भरायचं काय? नुसतं वाटणं. अंगाला काही लागत नव्हतं. तिकडे माझे गाल वर येत होते आणि माझा बाप इकडे वाळत होता. कॉलवर त्यांचं खांद्याचं हाड बनियनमधून वर आलेलं दिसायचं, आणि मी त्याच फोनमध्ये पिरोगीचे फोटो काढत होते. मी कुणाचं काही हिसकावलं नव्हतं, मला माहीत आहे. पण हे स्वतःला कसं पटवणार?

त्या दिवसापासून मी सगळं बंद केलं. वरणभात, तोही अर्धपोटी, चव लागू नये म्हणून मीठ कमी घालून. क्लास, लायब्ररी, खोली. माग्दा रुसली, मग तिने विचारणं सोडलं. आणि हे मी शपथेवर सांगते, बाबा जेवायला लागले. आधी एक पोळी, मग दोन. आई खुश. डॉक्टरांच्या टॉनिकचा गुण म्हणाली. मी हो म्हटलं.

पण बाबांचा चेहरा उतरलेला. फोनवर येईनात. एकदा आई देवळात गेली होती तेव्हा त्यांनी स्वतः फोन लावला. पहिल्यांदाच.

"वैशू, काहून घरात बसून राहिली?"

"पढाई है बाबा।"

"खोटं नको बोलू. मले काही दिसून नाही राहिलं आता."

मी समोरचं पुस्तक मिटलं.

"मले वाटलं होतं तुले सांगू नये, तू घाबरशील. बेटा, मी उभी जिंदगी गाडीचे डबे दुरुस्त केले. लोक त्यात बसून कुठं कुठं गेले. मी इकडे बिलासपूर, तिकडे नागपूर. आता या वयात तो चौक पाहिला, नदी पाहिली, किल्ला पाहिला. तू ते बंद करून टाकलं."

"बाबा, आप सूख गए थे," मी रडत म्हणाले.

"हव. पण मजा येऊन राहिली होती."

मला त्या क्षणी कळेना की मी त्यांना वाचवलं की त्यांच्याकडून काही काढून घेतलं. शेवटी आमचं ठरलं. बाबा आधी पोटभर जेवतील, आई समोर बसून वाढेल, आणि त्यानंतर मी निघेन. एक पूर्ण दिवस, फक्त त्यांच्यासाठी.

मी निघाले. बर्फ वितळत होतं, ऊन पडलं होतं. चौकात कर्णा वाजेपर्यंत थांबले. नदीच्या काठाने किल्ल्यापर्यंत चालत गेले, प्रत्येक वळणावर मनात म्हणत, बघा बाबा, हे बघा. आंबट सूप खाल्लं. पिरोगी खाल्ले. गोल इमारतीपाशी भाजलेला पाव घेतला. प्रत्येक घास बाबांचं नाव घेऊन. त्यांच्यासारखे डोळे मिटून.

संध्याकाळी फोन केला. "कैसा लगा बाबा?"

 ते हळूच म्हणाले, "आज काही नाही आलं वैशू."

"कुछ भी नहीं?"

"नाही. संध्याकाळी भूक लागली होती, पुन्हा दोन पोळ्या खाल्ल्या."

त्यानंतर कधीच काही आलं नाही. मी पुन्हा बाहेर खायला लागले तरी नाही. कितीतरी वेळा विचार केला आणि प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी येऊन अडकते. जोवर मी खाता-फिरताना त्यांना साफ विसरलेली असायचे, तोवर ते माझ्याबरोबर असायचे. ज्या दिवशी त्यांना घेऊन निघाले, त्या दिवशी ते आले नाहीत. हे स्पष्टीकरण नाही. नुसतं असं झालं, एवढंच.

डिग्री घेऊन मी रायपूरला परत आले. बाबांची तब्येत आता छान आहे, पँट पुन्हा शिंप्याकडे गेल्या, कमरेत सैल करायला. कधी कधी चहा पिताना ते म्हणतात, तिकडचं सांग. मी सांगते. मागच्या महिन्यात अशीच सांगत होते की कडाक्याच्या थंडीत जुन्या कपड्यांच्या दुकानातून घेतलेला तपकिरी कोट घालून मी कशी हिंडायचे.

बाबा म्हणाले, "तो कोट मागून उसवला होता. खालून. तू चालली की आतलं निळं दिसे."

"नाही बाबा, कोट चांगला होता."

"तुले कसं दिसन? मागे होतं."

तो कोट मी निघताना माग्दाला देऊन आले होते. व्हिडिओ कॉलवर माझा चेहरा आणि खांदे, तेवढंच दिसायचं. मी माग्दाला मेसेज केला. तिचं उत्तर आलं, हो, मागची शिवण खालून सुटलीय, आत निळं अस्तर आहे, मला वाटलं तुला माहीत असेल.

इतके दिवस मी धरून चालले होते की बाबा माझ्या डोळ्यांनी पाहत होते, माझ्या जिभेने चाखत होते. त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि विचारलं, तुम्ही नेमके कुठे होता?

"तुझ्या मागं," ते सहज म्हणाले. "तू लय भराभर चालते वो. मले धाप लागे."

 मी विचारलं, "मग हाक का नाही मारली?"

"मारली ना! त्या गोल बिल्डिंगपाशी दोनदा मारली. तू खाऊन राहिली होती."

एवढं बोलून ते कप ठेवायला आत गेले.

याचा अर्थ काय, मला माहीत नाही. डॉक्टरांना विचारलं, माझ्या प्रोफेसरना आडून आडून विचारलं, सगळ्यांनी काही ना काही सांगितलं, एकही पटलं नाही. तुमच्यापैकी कुणाला काही माहीत असेल तर जरूर लिहा. मी आजही डोळे मिटून त्या गोल इमारतीच्या चौकात जाते, ती खिडकी, ती रांग, ती थंडी... आणि कुणी मला हाक मारल्याचा भास तरी झाला होता का, ते आठवायचा प्रयत्न करते.

काहीच आठवत नाही. फक्त त्या पावाची चव आठवते.