ही जागा रिकामी कशी झाली?

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. नागपुरात एमबीएला जाणारी मुलगी म्हणजे आमच्या गल्लीला फुकटची करमणूक होती. "एमबीएत काय शिकवतात वं?" शेजारच्या काकू विचारायच्या आणि मी सांगायला तोंड उघडलं की "राहू दे बाप्पा, डोकं नको खाऊ" म्हणून आत जायच्या. घरी तर सरळ तह झाला होता. पहिलं वर्ष शिकू देतील, पण येईल ते स्थळ बघायचं. जमलं, की दुसरं वर्ष विसरायचं. बाबा कचेरीत कारकून होते, बोलल्या शब्दाला पक्के. त्यांच्याशी वाद घालण्यात काही अर्थ नव्हता.

म्हणून मी ते वर्ष नुसतं ओरबाडून घेत होते. शिपाई किल्ल्या वाजवायला लागेपर्यंत ग्रंथालयात बसायची. सदर बाजारातल्या दुकानांत काही घ्यायचं नसताना शिरायची आणि मालकांना प्रश्न विचारून भंडावून सोडायची. मुलाखतीची तयारी करून घेणारे आमचे सर भारी खडूस, पण त्यांचा एकही तास मी बुडवला नाही. ते म्हणायचे, "मुलाखत फक्त ते तुमची घेत नाहीत, तुम्हीही त्यांची घ्या. शेवटी विचारा, ही जागा रिकामी कशी झाली, आधीचा माणूस कुठे गेला. आणि मग उत्तर देणाऱ्याच्या तोंडाकडे बघा." हा प्रश्न त्यांनी आमच्याकडून इतका घोटवून घेतला होता, की झोपेतही तोंडून आला असता.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मामांनी स्थळ आणलं. सरकारी नोकरी, स्वतःचं घर, एकुलता एक मुलगा. मामा तर हवेतच होते. ठरल्या दिवशी मुलगा आणि त्याचे आईवडील आले. मी साडी नेसून पोहे घेऊन बाहेर गेले आणि खाली मान घालून बसले. प्रश्न सुरू झाले. सैपाक येतो का? चष्मा आहे का? जरा तिकडून इकडे चालून दाखव. मी चालून दाखवलं. अंगाची नुसती आग होत होती.

मुलाच्या आईने पोह्यांचा घास घेतला आणि त्या म्हणाल्या, "आमच्याकडे नोकरी-बिकरी नाही चालत. शिक्षणही आता पुरे झालं. याच महिन्यात उरकून टाकू." बाबांनी मान डोलावली. झालं! माझं दुसरं वर्ष त्या एका मानेवर गेलं. आई पदराशी चाळा करत दारात उभी होती. मामांनी संत्रा बर्फीची बशी पुढे सरकवली.

तेवढ्यात मुलाचे वडील हसून म्हणाले, "तुले काही विचारायचं आहे का?" हे नुसतं म्हणायचं असतं. मुलीने मान हलवून नाही म्हणायचं असतं, तेवढीच रीत. पण माझं टाळकं सरकलं होतं. म्हटलं, सगळं जातंच आहे तर निदान जाता जाता यांची थोडी जिरवू. मी पाठ ताठ केली, वर बघितलं आणि वर्गातल्यासारखं ठणठणीत आवाजात विचारलं, "हो. ही जागा रिकामी कशी झाली? माझ्या आधी इथे कोण होतं आणि ती कुठे गेली?"

देवाशप्पथ, निव्वळ खवचटपणा होता तो. आता आई डोळे वटारणार आणि मामा हसून वेळ मारून नेणार, एवढीच माझी अपेक्षा. पण कोणी हसलंच नाही. मुलाचा चेहरा खाडकन उतरला. त्याच्या आईने बशी खाली ठेवली आणि मामांकडे वळून विचारलं, "हिले कोणी सांगितलं?"

"मी नाही सांगितलं! आईशप्पथ, मी नाही," मामा म्हणाले.

मला काही कळेना. काय सांगितलं नाही? मग त्या बाई माझ्याकडे बघून भराभर बोलायला लागल्या. "स्टोव्ह भडकला, बाई. सकाळची वेळ, ती एकटीच होती सैपाकघरात. आता स्टोव्हले आम्ही काय करणार? पोलीसही येऊन गेले. काही निघालं नाही त्यात."

पोलिसांचं कोणी विचारलंही नव्हतं. मुलगा सतरंजीकडे बघत होता, त्याने एकदाही मान वर केली नाही. त्याच्या जागी दुसरं कोणी असतं तर निदान रडलं असतं, असं मला वाटलं. आई दारातून पुढे आली. पाहुण्यांसमोर कधी आवाज न काढणारी माझी आई स्पष्ट म्हणाली, "उठा. झालं असेल खाऊन तर निघा."

ते गेले. दार लागलं आणि मी मामांवर तुटून पडले. "मामा, माहीत असून मले त्या घरात ढकलून राहिले होते तुम्ही? काहून?"

"मले एकट्याले काहून बोलते वं?" मामाही भडकले. "मुलगा बिजवर आहे, हे तुह्या बाबाले पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

मी बाबांकडे बघितलं. वाटलं, आता ते मामांवर ओरडतील, काहीही काय बोलतो म्हणतील. ते पोह्यांच्या बशा एकात एक ठेवत होते. हे काम त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं.

"बाबा, तुम्हाले माहीत होतं?"

"त्याची पहिली बायको वारली, एवढं सांगितलं होतं यानं मले," बाबा म्हणाले. "कशी वारली, ते मी विचारलंच नाही, पोरी."