त्याच्या वाट्याचं पाणी

कुत्र्यासाठी भरून दिलेल्या पाण्याने मी माझे हात धुतले. सांगायचं ते एवढंच. पण ते सांगायला मला गणपतीपासून दिवाळी उलटेपर्यंतचा वेळ लागला.

आमचा कुत्रा गावठी. मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून मुलीने तो उचलून आणला तेव्हा मीच नको म्हणालो होतो, आणि नंतर रोज सकाळी त्याला फिरवायला मीच नेऊ लागलो. मुलीचा नियम एकच होता: बाहेरचं पाणी पिऊ द्यायचं नाही. डबक्यातलं नाही, गटाराच्या कडेचं नाही, गाड्या धुतल्यावर साचलेलं तर नाहीच. त्यात उंदीर मुततात, त्यातून लेप्टो होतो, माणसांना होतो तसा कुत्र्यांनाही, हे ती पुन्हा पुन्हा सांगायची. उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली ती स्वतः भरायची आणि पट्ट्याशेजारी दारापाशी ठेवायची. मी मनात हसायचो. रस्त्यावरची कुत्री काय उकळून पितात?

गणपती उठल्यानंतरचा पहिला रविवार होता. आमच्याकडे श्रावण लागला की मासळी बंद, ती गणपती होईपर्यंत. त्यामुळे त्या सकाळी आमच्यासारखी कोकणातली सगळीच मंडळी बाजारात उतरतात, आणि उशीर झाला की बोंबील संपतात. फिरवून झाल्यावर कुत्र्याला घरी सोडून यायचा मी कंटाळा केला. तसाच त्याला घेऊन बाजारात शिरलो.

“काय रे दादा, ह्याचा पण श्रावण होता काय?” कोळीण हसली.

“होता ना. बघ कसा बघतोय तुझ्याकडे.”

“मग दोन वाटे घे. एक तुझा, एक त्याचा.”

मी बोंबील दाबून बघत होतो, मांदेली उलटीपालटी करत होतो, भाव पाडत होतो. पट्टा चपलेखाली दाबून धरला होता. ऊन चढलं होतं. तो जीभ बाहेर काढून धापा टाकत होता, मधूनच माझ्या गुडघ्याला नाक लावत होता. त्याला तहान लागली आहे हे मला कळत होतं. “थांब रे,” म्हणालो आणि आणखी एका पाटीकडे वळलो.

बाजाराबाहेर आलो आणि खिशातला फोन वाजायला लागला. हातांना वास, बोटांना खवले. मी बाटली उघडली आणि पाणी हातांवर ओतलं. अर्ध्यावर थांबता आलं असतं. वास जाईपर्यंत ओतत राहिलो. फोन घरून होता, येताना कोकम आण म्हणून.

बोलता बोलता खालून लपलप आवाज आला. पाट्यांखालून वाहत आलेलं बर्फाचं पाणी गटाराच्या तुटक्या झाकणापाशी साचलं होतं आणि तो त्यात तोंड घालून पीत होता. मी पट्टा ओढला. पण तो फोन ठेवल्यावर.

घरी मुलीने रिकामी बाटली उचलली. “सगळं प्यायला? शहाणं बाळ ते!”

“तहानला होता,” मी म्हणालो. यात खोटं काय, तहानला तर होताच, अशी मी स्वतःची समजूत घातली. त्या दिवशी मी बोंबील दोनदा वाढून घेतले.

पुढच्या आठवड्यात त्याने खाणं सोडलं. उलट्या सुरू झाल्या, मागच्या पायांतला जोर गेला. डॉक्टरांनी विचारलं, “बाहेरचं पाणी वगैरे प्यायलाय?”

“छे, शक्यच नाही,” मुलगी म्हणाली. “बाबा तर बाटली रिकामी करून आणतो.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. मग त्यांनी लसीचं विचारलं. लेप्टोची लस दरवर्षी द्यावी लागते. ती उन्हाळ्यात, मुलीच्या परीक्षेच्या गडबडीत राहून गेली होती. “माझ्या डोक्यातून गेलं,” ती पुटपुटली. डॉक्टरांनी उलट्यांवर इंजेक्शन दिलं, रक्त तपासायला घेतलं आणि उद्या परत आणा म्हणाले.

सकाळी त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. मुलगी जमिनीवर बसून त्याची लघवी फडक्याने पुसत होती, उघड्या हातांनी. ते पाहिलं आणि औषध आणतो असं सांगून मी खाली उतरलो आणि जिन्याखाली, विजेच्या मीटरांपाशी उभं राहून डॉक्टरांना सगळं सांगितलं.

“हे काल नाही बोलता आलं?” ते ओरडलेच. “ताबडतोब घेऊन या त्याला. लघवीला कोणी हात लावू नका, आणि लावला असेल तर आजच स्वतःच्या डॉक्टरांना दाखवा.”

“मुलीला मात्र यातलं काही...”

“मी कुत्र्याचा डॉक्टर आहे,” ते म्हणाले. “ते तुमचं तुम्ही बघा.”

तो वाचला. बरेच दिवस सलाईनवर होता. मूत्रपिंडं मात्र नाजूक झाली आहेत, त्याचं खाणं आता कायम वेगळं शिजतं. मुलीला गोळ्या घ्याव्या लागल्या, सुदैवाने तिला काही झालं नाही. मी कुत्र्याचा जीव वाचवायला जेवढं सांगणं भाग होतं तेवढं डॉक्टरांना सांगितलं, आणि दोष सगळा मुलीच्या माथी राहू दिला.

दिवाळीला माझी बहीण आली. कुत्रा एवढा कसा खंगला, असं तिने विचारलं.

“माझ्यामुळे मरणार होता तो, आत्या,” मुलगी म्हणाली. “एक लस लक्षात ठेवता आली नाही मला.”

मी तिथेच बसलो होतो. चहा पीत होतो.

बहीण गेल्यावर मी मुलीला म्हटलं, “चल, आज तू घेऊन जा त्याला. किती दिवसांत गेली नाहीस.”

“नको बाबा, तूच ने. तू नीट सांभाळतोस.”

तेव्हा मी तिथेच खाली बसलो आणि कोळणीपासून जिन्याखालच्या फोनपर्यंत सगळं सांगितलं. तिने शेवटी विचारलं, “डॉक्टरांसमोर गप्प का बसलास?”

“तुझ्यासमोर लाज वाटली म्हणून. लस राहिली ती राहिली, पण तो आजारी पडला माझ्यामुळे. आणि तू स्वतःला दोष देत होतीस ते मी बघत बसलो. चुकलं माझं. मला माफ कर.”